जळगावचं आमचं तीन मजली दुकान : साडेतीन स्टार, आणि अर्ध्या स्टारचं रामायण

तीन आठवड्यांपूर्वी अस्तर बदलून घ्यायला गेले होते. गिऱ्हाइकाची मोरपंखी साडी, काउंटरवरच्या पोऱ्याने ट्यूबलाइटखाली मॅचिंग करून दिलेलं अस्तर घरी खिडकीपाशी धरलं तर सरळ सरळ पोपटी. ब्लाऊजचं कापड पातळ असलं की अस्तराची झाक वर येते, मग गिऱ्हाईक मला बोलणार, दुकानाला नाही. म्हणून बिल घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेले तर पोऱ्याने माझ्याकडे न बघताच बोट वर केलं. कॅश काउंटरच्या वर तो बोर्ड. 'शासनाच्या आदेशानुसार कपडे व कापड बदलून अथवा परत घेतले जाणार नाही.' लॅमिनेशन पिवळं पडलंय, एक कोपरा सुटलाय आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडतो. मी म्हटलं भाऊ, हा आदेश जून 2020 चा आहे, लॉकडाऊनमधला, आणि सगळे निर्बंध 1 एप्रिल 2022 ला उठले, दुसऱ्या दिवशी पाडवा होता म्हणून मला चांगलं लक्षात आहे, तू तेव्हा शाळेत असशील. तर म्हणे, "मावशी, बोर्ड आहे ना वर."

दुसरं कुठलं दुकान असतं तर तिथेच एक स्टार देऊन मोकळी झाले असते. पण या दुकानाशी माझा पंचवीस वर्षांचा हिशोब आहे. पिंप्राळ्याला घरी शिवणकाम करते, फॉल-पिको, ब्लाऊज, मुलींचे फ्रॉक, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी पाय तिकडे वळतातच. नाव लिहीत नाही, दुकानाचे मालक अप्पा, त्यांनीच सांगितलं, "ताई, चांगलं लिहा वाईट लिहा, नाव नका टाकू, सुरतवाले वाचतात." जळगावच्या माणसाला तसंही कळेल. फुले मार्केटपासून चालत पाच-सात मिनिटं, स्वतःची बिल्डिंग, रस्त्याला तोंड, दारात रसवंतीवाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तळमजल्यावर किराणा, साबण-शाम्पू, स्टीलची भांडी. पहिल्यावर साड्या, ड्रेस मटेरियल, मॅचिंग सेंटर. दुसऱ्यावर जेन्ट्स, शाळेचे युनिफॉर्म, दप्तरं, बॅगा, चपला आणि कोपऱ्यात बेन्टेक्सचे दागिने. अप्पांच्या वडिलांचं खाली एका गाळ्यात नुसतं किराणा दुकान होतं, वरचे मजले अप्पांनी चढवले आणि लिफ्ट बसवली. तेव्हा धरणगाव-एरंडोलहून लोक लिफ्टमध्ये बसायला पोरांना घेऊन यायचे, हे मी स्वतः बघितलंय, माझी पोरगी पण त्यातलीच.

आता मार्च 2020. 22 तारखेचा जनता कर्फ्यू, थाळ्या वाजवून झाल्या, 25 ला पाडवा आणि त्याच दिवसापासून देश बंद. किराणा अत्यावश्यक म्हणून चालू, कपडे नाही. म्हणजे एकाच छपराखाली एकाच मालकाचं एकच दुकान, पण बारा पायऱ्या चढल्या की गुन्हा. अप्पांनी काय केलं तर जिन्याला आडवा दोर बांधला, केळीच्या ट्रकला ताडपत्री आवळतात तसला जाड दोर, आणि मधोमध पुठ्ठा लटकवला, 'वर जाऊ नये'. लिफ्टचा मेन स्विच काढला. लिफ्टची पण गंमतच झाली होती, कोणीतरी म्हणालं की लिफ्ट असली म्हणजे मॉल धरतात आणि मॉल तर पूर्ण बंद, त्यावर दोन दिवस नुसती चर्चा, शेवटी लिफ्टच्या दारासमोर तांदळाच्या गोण्यांची थप्पी लावून टाकली. दिसलीच नाही तर मॉल कसा.

त्या दोराच्या वर काय अडकलं होतं हे ज्याला समजेल त्यालाच कपड्याच्या दुकानांचं लॉकडाऊनमध्ये काय झालं ते समजेल. लोकांना वाटतं कपडा काय, पडून राहील, उद्या विकेल, भाजी थोडीच आहे नासायला. तर असं नसतं. आपल्याकडे माल भरतात तो होळीच्या आधी, कारण पुढे लग्नसराई आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला माहेरवाशिणी येतात, त्यांना साडी-चोळी, जावयाला कपडे, पोरांना काहीतरी. 2020 ची आखाजी 26 एप्रिलला होती. म्हणजे फेब्रुवारीत सुरतहून गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडलेले, बहुतेक सगळा उधारीवर, नव्वद दिवसांची मुदत. विकायचे दिवस आले आणि दोर बांधला गेला, मुदत काही थांबली नाही.

वर बंद खोलीत एप्रिल-मे आणि जळगावचं ऊन. पत्रा नाही वर, स्लॅब आहे, तरी भट्टीच. आतल्या कपड्यांची इलॅस्टिकं सैल पडली. रेक्झिनच्या पर्सना पापुद्रे सुटले. सँडलचे सोल डिंक सोडून वेगळे झाले, जून महिन्यात अप्पांनी एक जोड मला दाखवला, हातात घेतला तर तळ खाली आणि पट्टा हातात. लिपस्टिक-क्रीमच्या तारखा गेल्या. आणि साड्या, जरीच्या साडीची घडी मोडून बदलावी लागते, महिनोन्महिने एकाच घडीवर राहिली तर घडीवर जरीचा धागा काळा पडतो, कापड चिरतं. एरवी दुपारी गिऱ्हाईक नसलं की सेल्सच्या बायका हेच काम करत बसायच्या, घड्या बदलत गप्पा. आता वर जायचंच नाही तर घड्या कोण बदलणार. अप्पा पहाटे पाचला शटर अर्धं उघडून एकटे वर जाऊन घड्या बदलायचे असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, वय तेव्हा सत्तरीच्या आसपास, किती साड्या होणार एका माणसाच्याने. उंदरांचं तर सांगतच नाही.

सगळ्यात जास्त मार बसला तो युनिफॉर्मला. याचा विचार मी पण केला नव्हता. दोन-तीन शाळांचे युनिफॉर्म इथेच मिळतात, त्याचं कापड आणि तयार साइज जानेवारीतच भरून ठेवतात, जूनमध्ये आठ दिवसांत सगळं उठतं. जून 2020 ला शाळा उघडल्याच नाहीत. नववी ते बारावी 23 नोव्हेंबरला, पाचवी ते आठवी पुढच्या जानेवारीच्या शेवटी, मग परत बंद, आणि एकदम लहान पोरं तर डिसेंबर 2021 उजाडल्यावर वर्गात बसली. दीड-दोन वर्षं चौविसाच्या साइजची हाफ पँट रॅकवर बसून राहिली आणि ज्यांना ती बसायची ती पोरं बत्तीसला गेली. वर एका शाळेने मधल्या काळात चेक्सच बदलले. माझ्याकडे अप्पांनी त्यातले काही पीस पाठवले होते, ताई याचं काही होतं का बघा, मी त्याच्या पिशव्या शिवल्या. अजून माझ्याकडे एक आहे, भाजीची.

तळमजला मात्र जोरात. इतका जोरात की तेव्हा मला राग यायचा, दारात चुन्याचे गोल, गोलात उभं राहायचं, डोक्यावर ऊन, नंबर आला की आत फक्त चार जण. त्यातून घरोघर सगळे अडकलेले, हाताशी वेळ, म्हणून त्या उन्हाळ्यात प्रत्येक गच्चीवर बिबड्या, कुरडया, पापड. ज्वारी संपायची, उडीद संपायचा, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ तर आलं की तासाभरात गायब. यीस्ट आणि बेकिंग पावडर मागायला लोक यायचे, अप्पांना यीस्ट म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, मागवून मागवून शिकले. पत्ते, लुडो, केस कापायचं ट्रिमर, हे सगळं किराण्याच्या काउंटरवर आलं.

मग यादी सुरू झाली. व्हॉट्सॲपवर यादीचा फोटो टाकायचा, संध्याकाळपर्यंत घरी थैली. हे चालवलं धाकट्या शेठने, म्हणजे अप्पांच्या मुलाने, तो पुण्याला नोकरीला होता, लॉकडाऊनच्या दोन दिवस आधी घरी आला तो इथेच राहिला. सर्व्हिस खरंच चांगली होती, माझ्या सासूबाईंचं अक्षर आम्हाला घरात वाचता येत नाही, त्यांना यायचं. एकदाच 'हिंग' च्या जागी 'लिंबू' आलं, चालायचंच.

आता हे लिहू की नको, पण लिहितेच, इतकी वर्षं झाली. यादीच्या सगळ्यात खाली, तूरडाळ दोन किलो, साखर पाच किलो, निरमा, आणि मग बारीक अक्षरात 'गाऊन 2, एक्सएल'. सगळ्या बायका दिवसभर घरात, गाऊन फाटले, नवीन कुठून आणणार. लिहिल्यावर थैलीत आट्याच्या पाकिटाखाली गाऊन यायचा, बिलात 'इतर'. एका डिलिव्हरीच्या पोऱ्याला चौकात पोलिसांनी अडवलं, थैली उपसली, डाळ, तेल, मीठ आणि फुलाफुलांचा गाऊन. पोलीसमामांनी विचारलं हे काय अत्यावश्यक आहे का रे. पोऱ्या म्हणाला, "साहेब, ज्यांचा आहे त्यांना विचारा, मी नाही विचारू शकत." सोडला म्हणे. मी त्या पोऱ्याच्या बाजूने आहे.

माझं स्वतःचं काम मार्चमध्ये शून्यावर आलं होतं, लग्न नाही तर ब्लाऊज कुठून. अप्पांचा फोन आला, मास्क शिवता का. कापड ते देणार, कॉटन रुबियाचे उरलेले पीस, मजुरी नगाला पाच रुपये. इलॅस्टिक बाजारात मिळेना तेव्हा परकराची नाडी कापून बांधायचे मास्क केले. एप्रिल-मे माझं घर त्यावर चाललं, हे मी विसरणार नाही. पण हे पण सांगते की नंतर तेच मास्क काउंटरवर वीसला लावलेले बघितले. मी काही बोलले नाही तेव्हा. धंदा आहे, कापड त्यांचं होतं, वरचे दोन मजले बंद होते, सगळं खरं, तरी पाच आणि वीसमध्ये अंतर आहेच ना.

वरच्या मजल्यांवर मिळून पंधरा-सोळा माणसं कामाला होती. एप्रिलचा पगार अर्धा झाला, मेमध्ये काहींना खाली पुड्या बांधायला घेतलं, बाकीच्यांना 'बोलावतो' म्हणून घरी पाठवलं. अप्पांनी घरून कोणाकोणाला किराणा दिला हे पण मला माहीत आहे, त्यामुळे एकतर्फी लिहीत नाही. पण त्यात आमची मॅचिंगवाली ताई गेली. ती बाई साडी हातात घेऊन एकदा डोळे बारीक करायची आणि मागच्या रॅकमधून न बघता फॉल काढायची, वर सांगायची दारात जाऊन उन्हात बघून ये. कधी चुकली नाही. तिला जूनमध्ये बोलावणं आलं नाही, ऑगस्टमध्ये आलं तेव्हा तिने घरीच पापड-शेवयांचं सुरू केलं होतं, म्हणाली आता नाही येत. तिच्या जागी आता मोबाईलच्या टॉर्चवर मॅचिंग बघणारी पोरं आहेत. मोरपंखीचं पोपटी होतं ते असं.

5 जून 2020 पासून दोर सुटला. सुटला म्हणजे एक दिवसाआड. जळगाव महापालिका हद्दीत सम-विषम होतं, रस्त्याच्या या बाजूची दुकानं आज, त्या बाजूची उद्या, नऊ ते पाच. मार्केटमधले, संकुलातले गाळे तर 5 ऑगस्टपर्यंत बंदच राहिले, त्यामानाने यांची रस्त्यावर स्वतःची बिल्डिंग होती हे नशीबच. पण दोर सोडून उपयोग काय, गिऱ्हाईक कुठे होतं? या दुकानाचं वरचं गिऱ्हाईक निम्मं बाहेरगावचं. सुरत लाइनच्या पॅसेंजरने पाळधी-धरणगाव, तिकडून शिरसोली-म्हसावद-पाचोरा, सकाळच्या गाडीने यायचं, खरेदी करायची, संध्याकाळच्या गाडीने परत. पॅसेंजर बंद. एसटी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला 20 ऑगस्ट उजाडला. त्यात 7 ते 13 जुलै जळगाव, भुसावळ, अमळनेर तिन्ही ठिकाणी परत कडक लॉकडाऊन, तेव्हा आपल्या जिल्ह्याची काय अवस्था होती ते सगळ्यांना आठवत असेल, ते दिवस मला लिहायचे नाहीत.

आणि नियम. ट्रायल रूम बंद, घेतलेलं बदलून नाही, परत नाही. त्याचाच हा बोर्ड. तेव्हा बरोबरच होतं ते, कोणी घातलं कोणी शिंकलं. ट्रायल रूममध्ये सॅनिटायझरचे कॅन भरून ठेवले होते. साइज अंदाजे न्यायची, नाही बसली तर माझ्याकडे यायची, त्या दोन महिन्यांत मी पँट खाली सोडायच्या आणि कुर्ते आत घ्यायची इतकी कामं केली की दुकानाच्या त्या बोर्डाने माझं पोट भरलं म्हणायला हरकत नाही.

भाचीचं लग्न एप्रिलमधलं, ते जूनच्या शेवटी घरच्या अंगणात झालं. पन्नास माणसं, नवरदेवाकडची पंचवीस आणि आपली पंचवीस, भटजी कोणाच्यात धरायचे यावरून वाद. बस्ता आम्ही इथेच फाडला. आता आमच्याकडे बस्ता म्हणजे काय असतं, दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं, गादीवर बैठक, चहा, सोडा, पाच तास. शालू एक, बाकी नवरीच्या चार-पाच साड्या, आणि मग खरा आकडा, आहेराच्या साड्या साठ, टॉवेल-टोपी चाळीस, मावळण्यांच्या वेगळ्या, करवल्यांच्या वेगळ्या. दुकानदाराला शालूत जेवढं मिळत नाही तेवढं त्या अडीचशे-तीनशेच्या आहेराच्या गठ्ठ्यात मिळतं, हे अप्पांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. तर जून 2020 ला आम्ही चौघं गेलो, मास्क लावून, एक-एक गादी सोडून बसलो, चहा नाही, शालू घेतला, सात साड्या घेतल्या आणि वीस मिनिटांत उठलो. आहेर कोणाला देणार, येणारच कोणी नव्हतं. अप्पा गठ्ठ्याकडे बघत होते. म्हणाले, "एवढंच?" माझ्या भावाने वर बघितलं नाही. मला तो क्षण लग्नापेक्षा जास्त लक्षात आहे.

सुरतवाल्यांचे फोन सुरू झाले होते. त्यांचंही मार्केट बंद, त्यांचे कारागीर गावी गेलेले, आपल्या खान्देशातली किती माणसं तिकडून कसकशी घरी आली ते बघितलंच सगळ्यांनी. त्यामुळे त्यांना तरी दोष कसा द्यायचा. निम्मे आता निम्मे दिवाळीला असं ठरलं म्हणे. बँकेचे हप्ते रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि मग अजून तीन, असे 31 ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची सवलत दिली होती, अप्पांनी घेतली आणि नंतर कळलं की व्याज काही थांबलं नव्हतं, ते वाढून बसलं. तळमजल्याच्या डाळ-तांदळाने वरच्या मजल्याचं व्याज भरलं. किराण्यात मार्जिन किती, किलोमागे रुपया-दोन रुपये. साखर विकून शालूचं देणं फेडायचं, करून बघा.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो, तो तेव्हा फोनवर सांगायचा तिकडचं. डेबनहॅम्स म्हणून मोठं दुकान, 1778 पासूनचं, दोन महायुद्धं बघितलेलं, ते मे 2021 ला शेवटचं शटर पाडून गेलं. अमेरिकेत जे. सी. पेनीने मे 2020 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, लॉर्ड अँड टेलर म्हणून 1826 चं, ते ऑगस्टमध्ये. अर्थात ही दुकानं आधीपासूनच खंगलेली होती, कर्ज आणि ऑनलाइन दोन्हीने, लॉकडाऊनने फक्त धक्का दिला. पण त्याने एक सांगितलं ते मला पटलं, मार्क्स अँड स्पेन्सरचे कपडे पडून होते तरी त्यांचं खाण्यापिण्याचं दालन चालू होतं, आणि न विकलेले उन्हाळी कपडे त्यांनी पुढच्या वर्षासाठी बांधून ठेवले. मी हे अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इंग्लंडमध्ये पण खाली किराणा लागतोच." नुसता कपडा असलेले आपल्याच रस्त्यावरचे तीन शोरूम त्या दोन वर्षांत गेले, एका ठिकाणी आता मोबाईलचं दुकान आहे.

दिवाळी 2020 ला गर्दी झाली, खूप झाली, वर्षभराचा माल हलेल असं वाटलं. आणि मग 2021 चा एप्रिल. 5 तारखेपासून परत दोर. तोच दोर, मी बघितला, जिन्याखाली गुंडाळून ठेवलेलाच होता. पुढे किराणा पण सकाळी सात ते अकराच. लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत. आखाजी 14 मेला आली आणि गेली. लागोपाठ दोन आखाज्या. त्या वेळी अप्पांना स्वतःला कोरोना झाला, बरे झाले, पण त्यानंतर जिना चढत नाहीत, खाली गल्ल्यावर बसतात. जूनमध्ये उघडलं, जरा रुळावर येतंय तर त्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप, तो पुढच्या एप्रिलपर्यंत, खेड्यातलं गिऱ्हाईक परत तुटलं. नशीब बघा.

तर आता दुकान कसं आहे. तळमजला पहिल्यापेक्षा चांगला, मोठा केलाय, यादीची सोय अजून आहे, पाचशेच्या वर घरपोच, वेळेवर येतं. डाळी स्वच्छ, कळण्याचं पीठ उत्तम. भांड्यांचे भाव सुभाष चौकाकडे विचारून मगच घ्या. पहिला मजला, साड्या रोजच्या वापराच्या आणि आहेराच्या छान, पाचशेपर्यंत डोळे झाकून घ्या. भारी साडी घ्यायची असेल तर पूर्ण उलगडून घडीच्या रेषेवर बोट फिरवून बघा, जुना माल अजून मधूनमधून निघतो, त्यावर सूट मिळते ती मागा, न मागता देत नाहीत. मॅचिंगबद्दल वर लिहिलंच, अस्तर-फॉल दारात नेऊन उन्हातच बघायचं, पोऱ्या कुरकुर करेल, करू द्या. दुसरा मजला अर्धा बंद आहे, दिवे पण सगळे लावत नाहीत. युनिफॉर्म आता ऑर्डरप्रमाणेच देतात, आधी भरत नाहीत, त्यामुळे मे महिन्यातच नाव नोंदवा, जूनमध्ये बोंबलत जाऊ नका. चपला इथे घेऊ नका. लिफ्ट चालू झालीय पण तांदळाच्या थप्पीची जागा तीच राहिली, दार अर्धंच उघडतं, जाड माणसाने जिन्याने जावं, मी जिन्यानेच जाते. पार्किंग नाही. दुपारी दोन ते चार निम्मा स्टाफ जेवायला असतो.

ट्रायल रूम एक चालू आहे, एकीत अजून सॅनिटायझरचे रिकामे कॅन आहेत. विचारलं तर म्हणाले फेकायचेत.

अस्तराचं काय झालं ते राहिलं. पोऱ्याशी माझा आवाज चढला तसा खालून अप्पांनी इंटरकॉमवर विचारलं काय चाललंय. मी खाली गेले, बिल दाखवलं. त्यांनी धाकट्या शेठला हाक मारली, "ताईंना बदलून दे." पाच मिनिटांत काम झालं, मोरपंखी मोरपंखीच मिळालं, मी स्वतः उन्हात बघून आणलं. जाताना म्हणाले, "बोर्ड तुमच्यासाठी नाही हो ताई." मी म्हटलं मग कोणासाठी आहे, जे ओळखीचे नाहीत त्यांच्यासाठी? म्हसावदहून एखादी बाई पोराचा शर्ट बदलायला आली तर ती काय तुमच्यापर्यंत पोचणार का, ती बोर्ड वाचून गुपचूप परत जाईल. तेव्हा शासनाने सांगितलं म्हणून लावला, आता शासन सांगत नाही, तुम्हाला सोयीचा आहे म्हणून आहे. धाकटे शेठ म्हणाले, काकू, एक्सचेंज सुरू केलं की लोक लग्नात घालून परत आणतात. असतील तसले पण, नाही म्हणत नाही मी. तर मग बिलाच्या मागे नियम छापा, आठ दिवसांत, घडी न मोडता, काय ते. शासनाचं नाव कशाला?

अप्पा म्हणाले काढतो. त्याला आता तीन आठवडे झाले, काल गेले होते पिकोचा दोरा आणायला, कोपरा फडफडतोच आहे. तोपर्यंत साडेतीन. धाकटे शेठ, बोर्ड काढला की त्याच यादीच्या नंबरवरून फोटो पाठवा, मी लगेच चार करते.